पाऊण इंची वॉशर

"कुसळ घुसलं असंल ओ आप्पा," सोनाबाई म्हणाली आणि तिने उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट परसूच्या डोळ्यांपुढे धरलं. "मशिन चालू झाल्यावर तुमी सांगितल्यागत बोट फिरवून बघितलं, तवा कायतरी टोचलं. रगात न्हाय, काय न्हाय. जरा बधिर झालंया, एवढंच."

परसू नुकताच बेळगावच्या बसमधून उतरून निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत आला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी होती आणि पिशवीच्या वरच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेला, पाऊण इंची वॉशर होता. त्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि बोट बघितलं. शेवटच्या पेरावर सुईच्या टोकाएवढा एक ठिपका. आजूबाजूची कातडी पांढुरकी पडलेली.

"किती वाजता?"

"सव्वानऊ झालं असतील."

वखारीतल्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

काय झालं आहे ते परसूला त्याच वेळी कळलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे पुष्कळ लोकांनी ही हकिगत पुष्कळ प्रकारे सांगितली आणि कुणाच्याच सांगण्यात एवढी गोष्ट नव्हती. त्याला कळलं होतं. तरीही तो म्हणाला, "बसा जरा सावलीला. मी एवढा वॉशर बदलतो," आणि मशिनकडे गेला.

परसू कामकर हा बेळगावात उद्यमबागेतल्या एका हायड्रॉलिकच्या कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. वय सत्तावन्न. घर वडगावचं, पिढीजात विणकराचं. वडिलांच्या मागावर सातव्या वर्षी त्याला बसवलं होतं ते ताण्यावरून बोटं फिरवायला. हजार धाग्यांत एक तुटला तर तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो, असं वडील म्हणायचे आणि ते खरं होतं. पुढे मागावर सगळ्या भावांचं पोट भरेना, तेव्हा परसू बाविसाव्या वर्षी कारखान्यात चिकटला. माग घरी राहिला; बोटं तेवढी त्याच्याबरोबर आली.

हायड्रॉलिकमध्ये तेलावर प्रचंड दाब देऊन त्याच्याकडून काम करून घ्यायचं असतं. दाबलेलं तेल पळवाट शोधतं, आणि ती बहुधा सापडते जोडावर, जिथे पाइपचं फिटिंग आट्यांनी लोखंडी ठोकळ्यात आवळलेलं असतं तिथे. फिटरचा जन्म या पळवाटा बुजवण्यात जातो. त्यातही आटे दोन जातीचे. निमुळते आटे आवळत नेले की आट्यातच घट्ट होतात, त्यांच्यावर नळाला गुंडाळतात तो पांढरा टेप चालतो. सरळ आटे कितीही आवळा, त्यांच्यातून तेल वाट काढणारच. ते फिटिंग बंद होतं तोंडावर, खाली बसवलेल्या रबरी ओठाच्या वॉशरवर. तिथे टेपचं काही काम नाही. हे परसूला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

टेप गुंडाळावा तर परसूनेच, असं उद्यमबागेत म्हणत. आट्यांच्या दिशेने तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवलेला, आणि टोकाचे दोन आटे उघडे, म्हणजे टेपचा तुकडा तुटून तेलात जायला नको. बाहेरगावचे इंजिनियर उभे राहून बघत. पण त्याचं खरं नाव होतं ते बोटासाठी. चालू मशिनवर, पाइपांच्या जंजाळात हात घालून तो नेमकं सांगायचा, की इथे पाझरतंय. कारखान्यात भिंतीवर पाटी होती: चालू मशिनला हात लावू नये, पुठ्ठा वापरावा. ती पाटी अठरा वर्षांपूर्वी, गुंजीच्या रवळूचा हात गेला तेव्हा लागली. रवळू परसूच्याच बरोबरीचा फिटर. एका पाइपला बारीक भोक पडलं होतं, त्यातून तेलाची अदृश्य पिचकारी उडत होती, तिच्यासमोरून त्याचा तळहात गेला. एवढासा ठिपका. रवळू हसला, डबा खाल्ला, नेहमीच्या गाडीने गुंजीला घरी गेला. तिसऱ्या दिवशी हात काळा पडला आणि आठव्या दिवशी कोपरापासून काढला.

त्यानंतर सगळे पुठ्ठा धरू लागले. परसू नाही. "पुठ्ठ्याला काय कळतंय?" तो म्हणायचा. "वलं झालं एवढंच सांगतंय ते. कुठनं झालं, ते बोटालाच कळतंय." आता हा माणूस काही वेडा नव्हता. बोट घालण्याआधी डाव्या हाताने तो दाब कमी-जास्त करायची मूठ सैल करायचा आणि काटा पार शून्याजवळ आणायचा. डावा हात मुठीवर, उजवा पाइपांत. पण हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. डावा हात काय करतो हे त्याचं त्यालाच आताशा लक्षात नसायचं.

शनिवारी दुपारी निपाणीहून वखारीच्या व्यवस्थापकाचा, आण्णाप्पाचा, फोन आला होता. तंबाखूचे बोद दाबून बांधायच्या मशिनला गळती लागली होती. बोद म्हणजे तंबाखूची ती भली मोठी पोती. माणसांनी तुडवायची ती आता मशिन दाबतं. परसू संध्याकाळी तिथे पोचला. ठोकळ्यावरचं फिटिंग खोललं तर वॉशरचा रबरी ओठ फाटलेला. पिशवीत बघितलं, अर्ध्या इंचाचे सहा वॉशर होते, पाऊण इंचाचा एकही नव्हता.

"सोमवारी आणतो. तवर मशिन बंद ठेवा," एवढं म्हणायचं होतं. पण आण्णाप्पा शेजारी उभा होता.

"तुमी आसून मशिन बंद ऱ्हायचं व्हय आप्पा?" आण्णाप्पा म्हणाला. "उद्या रविवार, ते जाऊ दे. सोमवारी सकाळी दोन गाड्या भरायच्यात. तुमच्या हाताला जमंना असं काय असतंय?"

स्तुती कुणाला नको असते? परसूने फाटका वॉशर तसाच बसवला आणि सरळ आट्यांवर टेप गुंडाळला. तीन नव्हे, सहा वेढे. आवळलं, मशिन चालवलं, काटा दोनशेवर गेला. जोड कोरडा. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. मशिन चालवणारी सोनाबाई बाजूला उभी होती. परसूने तिला जवळ बोलावलं.

"सोमवारी मी येतोच. तवर मदीमदी असं बोट फिरवून बघायचं. वलं लागलं की मशिन बंद करायचं," तो म्हणाला आणि त्याने उजवा हात फिरवून दाखवला. डावा हात मुठीवर होता. सोनाबाईने उजवा हात बघितला. माणूस ज्या हाताने शिकवतो तोच हात आपण बघतो.

आता सोमवारी, सोनाबाई दाराशी सावलीला बसलेली असताना, परसूने मशिन बंद केलं, दाब उतरवला आणि फिटिंग खोललं. टेप एका जागी फाटला होता आणि आट्यांच्या खाचेतून केसाएवढी वाट पडली होती. त्याने टेपचे धागे एकेक करून आट्यांतून सोडवले. दाभणाने खाचा साफ केल्या. धाग्यांचा बोळा शर्टाच्या खिशात कोंबला. वॉशर बसवला, फिटिंग आवळलं, मशिन चालवून बघितलं, पुन्हा बंद केलं, फडक्याने ठोकळा पुसला. इतका नीट पुसला, की तिथे कधी काही गळलं होतं असं कुणी म्हणालं नसतं. हात काम करत होते आणि तो मनाशी म्हणत होता, कुसळच असेल, तंबाखूच्या वखारीत कुसळांना काय तोटा.

मान वर केली तेव्हा घड्याळात पाच कमी अकरा झाले होते.

तो दाराशी गेला. सोनाबाई बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली होती. तिने मूठ उघडली. बोट सुजून गुळगुळीत झालं होतं आणि पेराचा रंग राखेसारखा होता.

"आता ठणकाय लागलंया," ती म्हणाली.

परसू वखारीकडे वळला. "आण्णाप्पा, गाडी काढा," तो ओरडला. "कोल्हापूरला न्यायचंय हिला. आत्ता."

आण्णाप्पा वखारीतून बाहेर आला, त्याने बोट बघितलं आणि परसूकडे बघितलं. "अवो आप्पा, नाक्यावरच्या डॉक्टरकडनं टिटनसचं इंजेक्शन मारून आणतो की. एवढ्याशा ठिपक्याला कोल्हापूर?"

"ठिपक्याला न्हाय. आत तेल घुसलंया. ते आजच्या आज कापून काढाय लागतंय. आमच्या रवळूचा हात असाच गेलता."

"पर बाईचं विम्याचं कार्ड कर्नाटकाचं. ते कोल्हापुरात कोन बघतंय? न्यायचंच तर बेळगावला न्यावं."

"बेळगाव दीड तास. कोल्हापूर पाऊण तास. कार्डाचं मागनं बघू."

आण्णाप्पाने किल्ली हातात घेतली. घेताघेता त्याने विचारलं, "पर तेल उडलंच कसं? तुमी तर शनवारी नीट केलतं."

"वॉशर जुना झालता," परसू म्हणाला. हे खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच ते बोलणं सोपं गेलं.

वखारीच्या पिकअपमध्ये पुढे तिघे बसले. आण्णाप्पा गाडी चालवत होता, मधे सोनाबाई, दाराशी परसू. त्याने तिचं मनगट धरून हात वर उचलून ठेवला होता. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती.

"संध्याकाळपातूर परत येऊ न्हवं?" सोनाबाईने विचारलं. "पूर्णिमा कॉलेजातनं येईल. तिला कायच सांगितलं न्हाय."

"येऊ."

"रातच्याला बिड्या वळायच्यात. पानं भिजत घातल्यात." सोनाबाई दिवसा वखारीत आणि रात्री घरी बिड्यांना बसायची. लेकीचं कॉलेज त्या बिड्यांवर चाललं होतं. तिने बोटाकडे बघितलं. "माजीच चूक आप्पा. तुमी नुसतं फिरवा म्हणालतासा. मी जास्तीच दाबून बघितलं असंल."

रांग पुढे सरकायला बारा मिनिटं लागली. परसूने ती घड्याळात बघितली, आणि ती मोजताना त्याला स्वतःची मशिनपाशी घालवलेली चाळीस आठवली. पुढच्या ट्रकचालकाला त्याने इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की आण्णाप्पाही दचकला.

कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंनी ठिपका बघितला आणि त्या हसल्या नाहीत. तेल कुठलं, दाब किती, ते त्यांनी विचारलं. परसूने सगळं नीट सांगितलं.

"लागलं कधी?"

"सव्वानवाला," सोनाबाई म्हणाली.

"आणि आता सव्वाबारा. निपाणीहून यायला तीन तास?"

"आमाला काय ठावं मॅडम?" आण्णाप्पा म्हणाला. "ह्ये आप्पा व्हते म्हणून आलो तरी. न्हायतर आमी इंजेक्शन मारून घरला लावून दिलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी परसूकडे आदराने बघितलं. त्याच वेळी जमीन दुभंगली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

बोट आणि तळहात चिरून तेल धुऊन काढलं. दोनदा धुतलं. तिसऱ्या दिवशी बोटाचं टोक काळं पडलं आणि बोट मधल्या सांध्यापासून काढावं लागलं. हात वाचला. परसू रोज बेळगावहून येत होता. त्याने कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"मॅडम, चाळीस मिनटं आदी आलो असतो, तर बोट ऱ्हायलं असतं?"

"सांगता येत नाही हो. राहिलं असतं, किंवा तरीही गेलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमच्यामुळे हात राहिला."

हे वाक्य मग गावभर झालं. आण्णाप्पाने ते निपाणीत सांगितलं, वखारीच्या मालकाने बेळगावला फोन करून सांगितलं, आणि उद्यमबागेत कारखाना आता जो बघतो त्या ओमकारने, तिथल्या मालकाच्या मुलाने, सुरक्षा सप्ताहात परसूचा सत्कारच ठेवला. शाल, नारळ, टाळ्या. "आप्पांच्या प्रसंगावधानामुळे एका भगिनीचा हात वाचला," असं ओमकार माइकवर म्हणाला. परसू खाली मान घालून उभा राहिला आणि लोक म्हणाले, बघा, मोठेपणाचा कसा तो गंध नाही.

वडगावला घरी त्याआधीच वेगळं निघालं होतं. बायको जयाबाई धुणं धुताना त्याचा तो सोमवारचा शर्ट घेऊन बाहेर आली. तिच्या चिमटीत पांढऱ्या धाग्यांचा बोळा होता. जन्म मागावर गेलेली बाई. धागा बोटांत घेतला की सांगायची.

"रेशीम न्हाय, सूत न्हाय, जरी तर न्हाईच. कसला धागा ओ ह्यो?"

"कामाचा हाय. ठेव," परसू म्हणाला आणि तिच्या हातून घेऊन त्याने तो देवळीत ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही. जयाबाईने कारण विचारलं, त्याने पित्त झालंय म्हणून सांगितलं.

सत्काराला ओमकारने गुंजीहून रवळूलाही बोलावलं होतं. एक बाही दुमडून पिनेने टाचलेली, डोक्यावर टोपी, पहिल्या रांगेत बसून तो सगळं ऐकत होता. कार्यक्रम आटोपल्यावर दोघे कारखान्याच्या मागे, भंगाराच्या ढिगाशी चहाचे कप घेऊन उभे राहिले. नोकरीतल्या पहिल्या दिवसापासूनची त्यांची ती जागा होती.

"परसू, एक इचारू?" रवळू म्हणाला. "वॉशर फाटला तर तेल झिरपतंय. पिचकारी उडत न्हाय. पिचकारी उडाय बारीक भोक लागतंय."

परसू चहा पीत राहिला.

"टेप लावलातास?"

"व्हय."

"सरळ आट्यावर?"

"व्हय रं."

एवढ्या लोकांत त्याला नेमका प्रश्न विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याला उजवा हात नव्हता. रवळूने कप पिंपावर ठेवला. "त्या बाईला सांगितलास?"

"न्हाय. ती म्हणती, तिचीच चूक झाली."

"मग सांग."

"सांगून काय बोट उगवतंय?"

"न्हाय उगवत," रवळू म्हणाला. "माजा कुठं उगवला? पर त्ये पाइप जुनं कुणी लावलतं, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाय. अठरा वर्सं झाली, मी माजंच चुकलं म्हणून बसलोय. रातचं जाग आली की तेच. मी हात तिथनं नेलाच कशाला. बायको म्हणती, आता तरी सोडा. कसं सोडू? कुणीतरी येऊन सांगितलं असतं, रवळू, तुजं न्हाय रं चुकलं, तर झोप तरी लागली असती."

त्याने कप पुन्हा उचलला. चहा निवला होता, तो त्याने ओतून दिला.

पुढच्या रविवारी परसू निपाणीला गेला. सोनाबाईचं घर वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. दुपारचे तीन वाजले होते. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. शेजारी वळलेल्या बिड्यांचा लहानसा ढीग. उजवा हात तिने पटकन पदराखाली घेतला, मग परसू आहे म्हटल्यावर पुन्हा बाहेर काढला.

"या आप्पा. पूर्णिमा, आप्पा आल्यात बघ."

पूर्णिमा आतून डोकावली आणि पाणी आणायला गेली. परसू खाली बसला. बसमध्ये त्याने बोलायचं सगळं जुळवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी त्याने खिशातून तो पांढरा बोळा काढला आणि फरशीवर ठेवला.

"सोनाबाई, तुमची चूक न्हवती."

ती बोळ्याकडे बघू लागली.

"ह्यो टेप. त्या जोडाला लावायचाच नसतोय. वॉशर न्हवता माज्याकडं, म्हणून मी लावला. मशिन बंद ठेवा म्हणाय पायजे व्हतं, ते म्हणालो न्हाय. आनि बोट फिरवायच्या आदी दाब उतरवायचा असतोय. मी उतरवतोय दर वेळी. तुमाला तेवढं सांगितलंच न्हाय."

पूर्णिमा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली होती. परसूने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलणं झालं नसतं.

"आनि अजून एक हाय. त्या दिवशी तुमी बोट दावलासा, तवाच मला कळलंतं. तरी मी तुमाला सावलीला बसवलं आनि आदी मशिन खोललं. टेप कुणाला दिसू नये म्हणून. त्यात चाळीस मिनटं गेली. म्या घालवली ती."

गल्लीत कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सोनाबाईचे हात सुपात थांबले होते. ती रडेल किंवा शिव्या देईल असं परसूला वाटत होतं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

"चाळीस मिनटांत किती बिड्या व्हत्यात, ठावं हाय तुमाला?" तिने विचारलं.

"न्हाय."

"माज्या साठ-सत्तर व्हायच्या. गप्पा मारत." तिने शेजारच्या ढिगाकडे मान केली. "ह्या सकाळपास्नच्या हायत. त्यातल्याबी निम्म्या बिडीवाले खराब म्हणून परत टाकत्यात."

मग ती म्हणाली, "पूर्णिमा, उबी काय ऱ्हायलीस? आप्पास्नी पानी दे."

पूर्णिमाने तांब्या परसूपुढे ठेवला. हातात दिला नाही. तो पाणी प्याला. उठून जायला हवं होतं, तरी तो बसून राहिला. सोनाबाईने एक पान घेतलं, तंबाखू भरली आणि अंगठा व मधलं बोट यांत धरून ते वळलं. पान दोनदा उलगडलं, तिसऱ्यांदा राहिलं. दोरा घ्यायला तिने हात लांबवला.

"द्या, दोरा मी बांधतो," परसू म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं आणि बिडी त्याच्या हातात दिली. हे काम त्याला यायलाच हवं होतं. त्याने दोरा घेतला, तीन वेढे दिले, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवलेला, आणि टोक तोडलं. सुंदर बांधली होती. त्याने ती तिच्यापुढे धरली.

सोनाबाईने ती अंगठ्याखाली फिरवून बघितली, दाबून बघितली.

"लई घट्ट बांधलासा आप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "असली बिडी वढली जात न्हाय. परत टाकत्यात."

तिने नखाने दोरा काढला, पान उलगडलं आणि तंबाखू सुपात झाडली. मग एक नवं पान घेऊन ती पहिल्यापासून वळू लागली. अंगठा आणि मधलं बोट हळूहळू पान गुंडाळत होते. त्यांच्या बरोबरीने ते अर्धं बोटही दर वेळी सवयीने पुढे येत होतं आणि पानापर्यंत पोचत नव्हतं.